शेंदूर आणि सोनेरी साका

महाराष्ट्रातील खेड्यात शिरताना वेशीवर प्रथम दर्शन घडते ते बहुधा मारुतीचे. मूर्ती लहान असो वा मोठी, ती शेंदराने माखलेली असते. जालना जिल्ह्याला या बाबतीत विशेष मान आहे. या जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी इसवी सन 1608 मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. पुढे याच सत्पुरुषाने ठिकठिकाणी मारुतीची स्थापना करून लोकांना बलोपासनेचा मार्ग दाखविला. याच जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातील राजूर येथे गणपतीचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. मारुती आणि गणपती या दोन्ही दैवतांना शेंदूर प्रिय मानला जातो. तेलात कालवलेल्या शेंदराचे लेप वर्षानुवर्षे चढत राहिले की मूर्तीवर जाड कवच तयार होते. काही ठिकाणी असे कवच कालांतराने गळून पडते आणि आतील मूळ मूर्तीचे रेखीव नाक-डोळे दिसू लागतात.

हा तांबूस-केशरी रंगाचा शेंदूर म्हणजे वस्तुतः आहे तरी काय? पुष्कळांची समजूत अशी की, तो एखाद्या झाडाच्या फुलापासून वा मातीपासून होत असावा. परंतु परंपरागत शेंदूर हा शिसे या धातूपासून तयार होतो. शिसे हा करड्या रंगाचा, मऊ आणि फार जड धातू आहे. पाण्याच्या तुलनेत तो अकरा पटींहून अधिक जड भरतो. नखाने त्यावर ओरखडा उठतो आणि 327 अंश सेल्सिअस तापमानाला तो वितळतो. म्हणजे कोळशाच्या साध्या शेगडीवरही त्याचे पाणी होते. वितळलेले शिसे हवेत तापविले असता हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पिवळट रंगाची पूड बनते. तिला मुरदाडशिंग म्हणतात. हे मुरदाडशिंग भट्टीत साडेचारशे अंशांच्या आसपास बराच वेळ भाजीत ठेवले की ते आणखी प्राणवायू घेते आणि त्याचे रूपांतर भडक केशरी शेंदरात होते. काळपट धातूच्या पोटी असा तेजस्वी रंग दडलेला असावा, हे सृष्टीतील नवलच होय.

शेंदराचा उपयोग देवळापुरताच नव्हता. शेंदूर व जवसाचे तेल यांचा लेप लोखंडाला दिला असता त्यास गंज चढत नाही, हे जुन्या कारागिरांना ठाऊक होते. म्हणून लोखंडी पूल, जहाजे आणि कमानी यांवर रंगाचा पहिला हात शेंदराचा देत असत. आज जालना शहर लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांमुळे सर्वत्र ओळखले जाते. लोखंड आणि गंज यांचे वैर तेथील कामगारांना सांगावे लागत नाही. परंतु गंजापासून लोखंडाचे रक्षण करणारा हा लेप माणसाला मात्र घातक ठरतो, हे जगाच्या पुरते ध्यानात येण्यास फार काळ जावा लागला.

बाजारात तांबड्या रंगाच्या पुड्या अनेक असतात. गेरू हा लोखंडाच्या गंजाचा भाऊ. तो मातीतून मिळतो. हिंगूळ हा पारा आणि गंधक यांच्या संयोगाने बनतो. अलीकडे तर कारखान्यांत तयार झालेले कृत्रिम रंगही शेंदूर म्हणून विकले जातात. या सर्व पुड्या शेजारी शेजारी मांडल्या तर अमुक एका पुडीत शिसे आहे आणि अमुक एकीत नाही, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे अवघड असते. वास नाही, निराळी चव नाही. आणि चव घेऊन पाहणे तर जिवाशी खेळच. मग लपलेले शिसे ओळखावे कसे? येथे रसायनशास्त्र मदतीला धावून येते. ते शिशाला पाण्यात विरघळविते आणि मग त्याला असा काही रंग धारण करावयास लावते की, त्याला आपली ओळख लपविताच येऊ नये. या युक्तीचे नाव आहे साका.

साका म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. पावसाळ्यात जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीचे पाणी गढूळ होते. ते हंड्यात भरून रात्रभर ठेवले तर सकाळी तळाशी मातीचा थर दिसतो. हा झाला गाळ. ही माती पाण्यात आधीपासूनच होती. ती केवळ खाली बसली. साक्याची गोष्ट निराळी आहे. चुन्याची निवळी आरशासारखी स्वच्छ असते. तीत नळीने हळूहळू फुंकर घातली की ती दुधासारखी पांढरी होते आणि थोड्या वेळाने पांढरी पूड तळाशी बसते. ही पूड निवळीत नव्हती आणि श्वासातही नव्हती. निवळीतील चुना आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड यांच्या मिलनातून एक नवाच पदार्थ जन्मास आला. आणि तो पाण्यात विरघळत नसल्यामुळे घनरूपाने बाहेर पडला. दोन स्वच्छ द्राव एकत्र आल्यावर, किंवा द्रावात एखादा वायू सोडल्यावर, जो न विरघळणारा नवा पदार्थ खाली बसतो त्याला साका किंवा अवक्षेप म्हणतात. गाळ हा जुना पाहुणा. साका हा नवा जन्म.

आता शिशाचा साका पाहू. शिशापासून नायट्रिक आम्लाच्या साहाय्याने लेड नायट्रेट नावाचा पांढरा, स्फटिकमय क्षार तयार होतो. तो पाण्यात सहज विरघळतो. लिटरभर पाण्यात अर्धा किलोग्रॅमहून अधिक लेड नायट्रेट नाहीसे होते आणि पाणी तरीही निर्मळ दिसते. दुसरा क्षार पोटॅशियम आयोडाइड. हाही पांढरा, आणि विरघळण्यात पहिल्याहून तरबेज. आता प्रयोगशाळेत शिक्षक एका परीक्षानळीत पहिल्या क्षाराचा पातळ द्राव घेतात. त्यात दुसऱ्या क्षाराच्या द्रावाचे थेंब सोडतात. दोन्ही द्राव पाण्यासारखे वर्णहीन. परंतु पहिला थेंब पडताच नळीत झेंडूच्या पाकळीसारखा पिवळाधमक ढग उमटतो. थेंबामागून थेंब पडत जातात, ढग दाट होत जातो आणि काही वेळाने पिवळी पूड संथपणे तळाशी उतरते. पाहणाऱ्या मुलांच्या तोंडून आश्चर्याचा उद्गार निघाल्याशिवाय राहत नाही.

हा पिवळा रंग कोठून आला? याचे उत्तर पाण्याच्या अंतरंगात आहे. क्षार पाण्यात विरघळतो तेव्हा त्याचे विद्युत्भारित सूक्ष्म कण सुटे होतात. या कणांना आयन म्हणतात. लेड नायट्रेटच्या द्रावात शिशाचे आयन व नायट्रेटचे आयन स्वतंत्रपणे फिरत असतात. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावात पोटॅशियमचे व आयोडीनचे. शिशाच्या प्रत्येक आयनावर दोन धनभार असतात, तर आयोडीनच्या आयनावर एकच ऋणभार. दोन्ही द्राव मिसळताच चारही प्रकारचे आयन एकमेकांना भेटतात. पोटॅशियम आणि नायट्रेट यांना पाण्याचा सहवास सोडावासा वाटत नाही. ते द्रावातच राहतात. परंतु शिसे आणि आयोडीन यांचे परस्परांविषयीचे आकर्षण एवढे प्रबळ असते की, पाण्याच्या कणांना त्यांना अलग ठेवणे जमत नाही. शिशाचा एक आयन आयोडीनच्या दोन आयनांना धरतो, त्यांना आणखी सोबती येऊन मिळतात आणि पाहता पाहता असंख्य कणांची रचना उभी राहते. हाच तो लेड आयोडाइडचा साका. दोन क्षारांनी आपापले जोडीदार बदलले, म्हणून अशा क्रियेला दुहेरी विस्थापन म्हणतात.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पदार्थ विरघळत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा तो फार थोडा विरघळतो, एवढाच त्याचा अर्थ असतो. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे पाऊण ग्रॅम लेड आयोडाइड विरघळते. पाणी उकळते असेल तर तेच प्रमाण सुमारे चार ग्रॅमपर्यंत वाढते. या लहानशा फरकातूनच रसायनशास्त्रातील एक अतिशय सुंदर देखावा निर्माण होतो. थोडासा पिवळा साका पुष्कळ पाण्यासह तापविला असता तो हळूहळू नाहीसा होतो आणि द्राव पुन्हा वर्णहीन बनतो. नंतर नळी शांतपणे निवू दिली की, थंड पाण्याला एवढा पदार्थ पोटात ठेवणे अशक्य होते. मग नळीत एकेक चकाकणारा कण दिसू लागतो. हे कण म्हणजे षट्कोनी आकाराचे पातळ पत्रे असतात. ते तरंगत, फिरत, प्रकाश परावर्तित करीत खाली येतात. जणू नळीत सोन्याच्या वर्खाचा पाऊस पडत आहे! म्हणूनच या प्रयोगाला सुवर्णवृष्टी असे अन्वर्थक नाव मिळाले आहे. पहिला साका घाईने जन्मला, म्हणून त्याचे कण बारीक आणि मातट झाले. दुसऱ्या वेळी कणांना सावकाश रचना करावयास अवसर मिळाला, म्हणून ते मोठे आणि चकचकीत झाले. पदार्थ एकच, परंतु संथपणे घडलेल्या वस्तूची शोभा काही वेगळीच असते.

या प्रयोगातून आणखी एक प्रश्न उभा राहतो. गरम द्राव वर्णहीन आणि थंड साका पिवळा, असे का? शिसे तेच, आयोडीन तेच. मग रंग गेला कोठे आणि परत आला कोठून? सूर्याचा पांढरा प्रकाश अनेक रंगांचा बनलेला आहे, हे इंद्रधनुष्यात दिसते. पदार्थ यांपैकी काही रंग शोषून घेतो व उरलेले परत पाठवितो. जे परत येतात तेच डोळ्यांना दिसतात. शिशाचा सुटा आयन आणि आयोडीनचा सुटा आयन यांपैकी कोणीही दृश्य प्रकाश शोषत नाही, म्हणून द्राव वर्णहीन असतो. घनरूपात मात्र हे कण एकमेकांना अगदी खेटून बसतात. तेव्हा आयोडीनकडील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या बळावर शिशाकडे झेप घेऊ शकतो. या झेपेसाठी जांभळा आणि निळा प्रकाश खर्ची पडतो. उरलेला प्रकाश परत येतो तो पिवळा. म्हणजे हा रंग शिशाचा नव्हे आणि आयोडीनचाही नव्हे. तो त्या दोघांच्या निकट सहवासाचा आहे. सहवास सुटला की रंग मावळतो आणि सहवास जुळला की रंग उजळतो.

शिशाचा साका नेहमीच पिवळा असतो असे मात्र नाही. शिशाच्या द्रावात हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले तर पांढरा साका मिळतो. तोही गरम पाण्यात विरघळतो आणि निवल्यावर सुयांसारख्या स्फटिकांच्या रूपाने परततो. सल्फ्युरिक आम्ल टाकले तरी साका पांढराच येतो, पण तो उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला तर साका काजळासारखा काळा होतो. हाच काळा पदार्थ निसर्गात गॅलिना या चकचकीत खनिजाच्या रूपाने आढळतो. राजस्थानातील खाणींत ते जस्ताच्या खनिजाबरोबर मिळते आणि त्यापासूनच शिसे काढतात. काही ठिकाणी डोळ्यांत घालण्याच्या सुरम्यातही तेच वापरीत असत. अशा रीतीने एकाच धातूला पांढरा, पिवळा आणि काळा असे तीन वेष धारण करता येतात. कोणता वेष मिळणार, हे जोडीदारावर अवलंबून असते.

शिशाच्या साक्यांत आणखी एक पिवळा साका आहे आणि त्याचा इतिहास मनोरंजक आहे. सायबेरियातील खाणींत एक तांबडे खनिज सापडत असे. त्यात शिसे आहे, एवढे माहीत होते. परंतु शिशाबरोबर आणखी काय आहे, याचा उलगडा होत नव्हता. इसवी सन 1797 मध्ये फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ याने हे खनिज विरघळवून त्याची परीक्षा केली. त्यास असा एक द्राव मिळाला की, शिशाचा क्षार टाकला तर पिवळा साका आणि पाऱ्याचा क्षार टाकला तर तांबडा साका येई. या चमत्कारिक रंगांमागे एक नवे मूलद्रव्य आहे, हे त्याने ताडले. ग्रीक भाषेत रंगाला क्रोमा म्हणतात. त्यावरून या मूलद्रव्यास क्रोमियम हे नाव पडले. व्होकलँला मिळालेला पिवळा साका म्हणजे लेड क्रोमेट. येथे मात्र रंगाचे कारण निराळे आहे. क्रोमेटचा सुटा आयनच पिवळा असतो. साक्याला तो रंग वारशानेच मिळतो. लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ मुळीच विरघळत नाही. एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅमचाही लहानसा अंशच. त्यामुळे तो पावसाने धुऊन जात नाही. हा गुण पाहून चित्रकारांनी व रंगाऱ्यांनी त्यास उचलून धरले. व्हॅन गॉग या थोर चित्रकाराने 1888 साली रंगविलेल्या सूर्यफुलांत हाच पिवळा रंग आहे. दरवाजे, खेळणी, यंत्रे आणि मोटारी यांवरही तो जगभर चढला.

आता पुन्हा शेंदराकडे वळू. एखाद्या पुडीत शिसे आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी रसायनज्ञ चिमूटभर पूड पातळ नायट्रिक आम्लात टाकून किंचित तापवितो. पुडी खऱ्या शेंदराची असेल तर पाहता पाहता तिचा केशरी रंग जाऊन ती तपकिरी होते. कारण शेंदरातील शिशाचा काही भाग विरघळून लेड नायट्रेट बनतो आणि उरलेला भाग लेड डायऑक्साइड या तपकिरी पुडीच्या रूपाने मागे राहतो. हे मिश्रण गाळणकागदातून गाळले की खाली स्वच्छ द्राव मिळतो. त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकताच पिवळा साका उमटला तर शिशाचा संशय बळावतो. परंतु जाणता परीक्षक एवढ्यावर निकाल देत नाही. चांदीचा क्षारही आयोडाइडबरोबर फिकट पिवळा साका देतो. म्हणून तो साका पाण्यासह उकळून पाहतो. चांदीचा साका गरम पाण्यात विरघळत नाही. शिशाचा विरघळतो आणि निवताना सुवर्णवृष्टी करतो. आयोडाइड बेताने टाकण्याचीही खबरदारी तो घेतो. कारण ते फार झाले तर बनलेला साका पुन्हा विरघळून जातो आणि पुरावाच नाहीसा होतो. मग दुसऱ्या नळीत क्रोमेट आणि तिसऱ्या नळीत सल्फ्युरिक आम्ल टाकून तो आपले अनुमान पडताळून पाहतो. एका साक्षीदारावर विसंबून निर्णय द्यावयाचा नाही, हा न्यायासनाचा नियम प्रयोगशाळेतही पाळावा लागतो.

एवढी खटपट कशासाठी? कारण शिसे हे विष आहे, आणि तेही मुकाट्याने काम करणारे. विंचू चावला तर तत्काळ कळते. शिसे पोटात गेले तर त्या दिवशी काहीच कळत नाही. ते रक्तात मिसळते, हाडांत कॅल्शियमच्या जागी घर करते आणि वर्षानुवर्षे तेथे राहते. त्याचा मोठा घाव मेंदूवर पडतो. लक्ष लागत नाही, पाठांतर होत नाही, वाढ खुंटते, रक्त कमी होते. मुलगा मंदबुद्धीचा आहे, आळशी आहे, असा ठपका त्याच्यावर येतो. आणि खरा अपराधी लपून राहतो. खाल्लेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात जितके मुरते, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या शरीरात मुरते. ज्या मुलाच्या आहारात लोह व कॅल्शियम कमी, त्याला धोका अधिक. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे, असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. युनिसेफने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात चिंता वाटावी इतके शिसे आहे.

शिसे अन्नात कसे शिरते, याचे एक बोलके उदाहरण आपल्या शेजारच्या बांगलादेशात घडले. तेथील ग्रामीण भागातील गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे फार आढळू लागले. जवळपास कारखाना नाही, मोटारींची वर्दळ नाही. मग शिसे आले कोठून? बांगलादेशातील आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी कसून शोध घेतला, तेव्हा बोट रोखले गेले ते रोजच्या स्वयंपाकातील हळदीकडे. 1980 नंतरच्या दशकात एका पुरामुळे तेथील हळद भिजून काळवंडली होती. शिजवून वाळविलेली हळकुंडे पिंपात घालून घासतात, तेव्हा ती उजळ दिसावी म्हणून काहींनी तीत लेड क्रोमेट मिसळण्यास आरंभ केला. आणि पुढे ती रीतच पडली. व्होकलँच्या परीक्षानळीतील साका असा घराघरांतील भाजीत जाऊन पोहोचला. 2019 साली हे संशोधन प्रसिद्ध होताच तेथील अन्नसुरक्षा विभागाने व्यापाऱ्यांना समज दिली, बाजारांत सूचना लावल्या, अपराध्यांना दंड केला. 2019 मध्ये बाजारातील हळदीच्या 47 टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. 2021 मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. अज्ञान आणि लोभ यांनी दीर्घकाळ चालविलेले विष ज्ञान आणि निश्चय यांनी दोन वर्षांत हटविले.

महाराष्ट्रात हळदीवाचून स्वयंपाक होत नाही आणि मंगलकार्यही होत नाही. म्हणून हळद पारखण्याची साधी रीत प्रत्येक घरी माहीत असावी. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात हळकुंड सोडावे. शुद्ध हळकुंड पाण्यात लगेच रंग सोडीत नाही. वरून रंग चोपडलेले हळकुंड मुळातच अधिक भडक दिसते आणि पाण्यात पडताच त्याचा रंग सुटू लागतो. अर्थात ही केवळ पहिली चाचणी होय. शेवटचा निर्णय प्रयोगशाळेनेच द्यावयाचा असतो. फार पिवळे ते फार चांगले, ही समजूत मात्र सोडून दिली पाहिजे.

सरकारनेही या विषाला आवर घालण्याची पावले उचलली आहेत. पूर्वी मोटारींच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळीत असत. भारतात 2000 सालापासून ते बंद झाले. घरगुती रंगांसाठी 2016 साली नियम झाले आणि नोव्हेंबर 2017 पासून रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे नव्वद भागच चालतील, अशी मर्यादा घालण्यात आली. तथापि जुन्या भिंतींवर, जुन्या दारांवर आणि जुन्या खेळण्यांवर पूर्वीचे रंग अद्याप असू शकतात. त्यांचे पोपडे मुलांनी तोंडात घालू नयेत, यासाठी घरातील वडीलधाऱ्यांनी दक्ष असावे.

ज्या साक्याने विषाची ओळख पटते, तोच साका विषाचा बंदोबस्तही करतो. कारखान्यातून निघणाऱ्या पाण्यात शिसे विरघळलेले असेल तर त्यात चुना टाकतात. शिशाचा न विरघळणारा साका बनतो, तो गाळून अलग काढतात आणि पाणी निर्विष होते. काही देशांत अद्याप जुने शिशाचे नळ आहेत. तेथे पाण्यात फॉस्फेट किंचित मिसळतात. नळाच्या आत शिशाच्या फॉस्फेटचा घट्ट थर बसतो आणि शिसे पाण्यात उतरू शकत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतही हाच विवेक हवा. शिशाच्या क्षारांचे प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवावेत. विद्यार्थ्यांनी ते घरी कधीही करू नयेत. प्रयोगानंतर उरलेले द्राव मोरीत ओतू नयेत, तर निराळ्या बाटलीत साठवून त्यांची योग्य विल्हेवाट लावावी. मोरीतून ओढ्यात, ओढ्यातून कुंडलिकेत, कुंडलिकेतून दुधनेत, असा त्यांचा प्रवास होता कामा नये. जेथे पाणी पोहोचते तेथे गुरे पितात, पिके पितात आणि शेवटी माणसे पितात.

या सर्व विवेचनाचा अर्थ देवाला शेंदूर वाहू नये, असा मुळीच नाही. श्रद्धा आणि शास्त्र यांचे येथे भांडण नाही. शिसेविरहित शेंदूर तयार करता येतो, तोच आणावा. शेंदराला हात लागला तर प्रसाद घेण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत. शेंदूर लहान मुलांच्या तोंडात जाऊ नये. जुने कवच काढावयाचे झाल्यास त्याची पूड श्वासावाटे आत जाणार नाही, अशी काळजी घ्यावी. एवढे पथ्य पाळणे कोणालाही कठीण नाही. मारुती हे बळाचे आणि बुद्धीचे दैवत आहे. ज्या वस्तूने मुलांचे बळ आणि बुद्धी ही दोन्ही क्षीण होतात, ती ओळखून दूर ठेवणे हीदेखील त्या दैवताची उपासनाच होय.

स्वाध्याय

1. गाळ आणि साका यांतील फरक उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
2. गरम द्राव वर्णहीन असतो, पण थंड झाल्यावर सोनेरी कण दिसतात. याची कारणे सांगा.
3. शिशाचे पांढरे, पिवळे व काळे साके कोणकोणत्या पदार्थांमुळे मिळतात ते लिहा.
4. 'एका साक्षीदारावर विसंबून निर्णय द्यावयाचा नाही' हे वाक्य पाठात कोणत्या संदर्भात आले आहे?
5. बांगलादेशातील हळदीची हकीकत आठ-दहा ओळींत आपल्या शब्दांत लिहा.
6. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : अन्वर्थक, निर्मळ, दाद न देणे, उलगडा होणे, बोट रोखणे.
7. आपल्या घरातील हळद, रंग व खेळणी यांविषयी कोणती काळजी घ्यावी, याची घरातील वडीलधाऱ्यांशी चर्चा करा.